उधव्याचा बझर

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना मला भोळा समजणार नाही. या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं वाचतो, पण ते चुका काढायला. कुणी लिहिलं 'पंखा आपोआप सुरू झाला', की मी मनात रेग्युलेटर उघडून बसतो. 'देव्हाऱ्यापुढचा बल्ब मिणमिणला' — न्यूट्रल लूज. 'वारलेल्या काकांच्या नंबरवरून फोन आला' — कंपनीने नंबर दुसऱ्याला दिला असणार. माझी बायको म्हणते, तुम्हाला उद्या देव भेटला तर आधी त्याचं वायरिंग बघाल. बघेनच. दवाखान्यातली मशिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. अशा माणसाला या सदरात लिहावं लागतंय याची थोडी लाज वाटते... पण इतकी वर्षं शोधूनही फॉल्ट सापडला नाही, म्हणून लिहितो.

आमचं घर उधव्याला, तलासरी तालुक्यात. गुजरातची हद्द इतकी जवळ की अंगणात फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि मागच्या पडवीत गुजरातचा. आयटीआय करून २०१४ मध्ये मी डहाणूला हसमुखकाकांच्या हाताखाली लागलो. स्टेशनजवळ त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. डहाणू, वाणगाव, तलासरी, इकडे सायवनपर्यंतच्या लहान दवाखान्यांचं सक्शन, ईसीजी, बाळांचे वॉर्मर, सगळं त्यांच्याकडे यायचं. काका घरी गुजराती बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि मशीनला शिव्या दोन्ही भाषांत घालायचे. त्यांनी मला दोन गोष्टी अगदी घोकून घेतल्या होत्या. एक — पेशंट आणि त्याचे नातेवाईक 'बरं आहे' म्हणतात त्यावर जायचं नाही, रीडिंग बघायचं. दुसरी — मशीनवर हवा तो जुगाड कर, पण अलार्मला हात लावायचा नाही. पहिली गोष्ट मी गरजेपेक्षा जास्तच शिकलो. दुसरी मोडली.

माझी आई. तिची उमेदीची सगळी वर्षं चुलीच्या धुरात आणि भातगिरणीच्या कोंड्यात गेली. २०१५ च्या अखेरीस डहाणूच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता हिची फुप्फुसं एकटी पुरी पडणार नाहीत, दिवसातले सोळा तास ऑक्सिजन लावावा लागेल. त्यासाठी एक मशीन असतं, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. खोलीतली हवा मागच्या जाळीतून ओढतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीने नाकाला देतं. नवं घेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. बंद पडलेल्या एका नर्सिंग होमच्या भंगारात तसंच एक जुनं मशीन आलं होतं, ते काकांनी मला दिलं. महिनाभर त्याच्यावर बसून मी ते चालू केलं. आई त्या मशीनवर जगत होती आणि मशीन माझ्या सोल्डरिंगवर. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या मशीनला दोन प्रकारचे अलार्म होते, ते नीट सांगतो कारण पुढे त्याचंच काम आहे. लाइट गेली की ते न थांबता ओरडायचं. आणि ऑक्सिजन कमी पडला की तीन छोट्या बीप, मग थोडं थांबून पुन्हा तीन. शिवाय समोर बोटाच्या टोकाएवढी एक गोल काच — सगळं ठीक तर हिरवी, नाहीतर पिवळी. आता उधव्याला लाइट जाणं म्हणजे काही बातमी नव्हे. दिवसातून चारदा जायची आणि चारदा ते मशीन ठणाणा करायचं. लाइट गेली की लावायला आम्ही छोटा सिलिंडर ठेवलाच होता, पण त्या आवाजाने आईच्या छातीत धडकी भरायची. तिची धाप आजारापेक्षा त्या आवाजानेच वाढते असं ती म्हणायची. "सुन्या, त्याचा गळा दाब एकदाचा," असं मला रोज ऐकवायची.

२०१६ च्या डिसेंबरात मला मस्कतच्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली. बायोमेडिकल टेक्निशियन. वापीच्या एजंटावर माझा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून मी स्वतः मस्कतला फोन लावून असं हॉस्पिटल आहे का, तिथे अशी जागा आहे का, दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा तिकडची बाई चिडली. काकांना जायचं सांगितलं तर म्हणाले, जा, इथे तू भंगारच शिकणार, तिकडे नवी मशिनं बघशील.  बॅग भरता भरता मी तिच्या मशीनचं मागचं झाकण उघडलं आणि बझर पक्कडने ओढून, दोन्ही वायरी कापून बाहेर काढला. दहा रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी काळी डबी, तिला दोन बोटं लांब वायरींचे तुकडे. परत आल्यावर बसवू, म्हणून टूलबॅगमधल्या पत्र्याच्या डबीत टाकला. माझ्या धाकट्या भावाला, संतोषला, सांगितलं की अलार्म खराब झालाय, पार्ट मिळत नाही, तू रोज काच बघत जा, हिरवी असेल तर ठीक आणि पिवळी दिसली तर सिलिंडर लाव आणि मला फोन कर. काकांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मला विमानात बसूच दिलं नसतं.

मस्कतला आमचं वर्कशॉप हॉस्पिटलच्या तळघरात होतं. मी आणि बीजू, असे दोघे एका बेंचवर. बीजू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, केरळचा, कामाला पक्का. पण त्याला थट्टेची फार खोड. एकदा त्याने माझ्या चहाच्या कपाला सेन्सर चिकटवून ठेवला होता — कप उचलला की बीप. सगळं तळघर हसलं. तेव्हापासून मी त्याने दिलेला चहासुद्धा खालून बघून घ्यायचो.

घरी दर शुक्रवारी फोन. आई म्हणायची, "बरं हाय." संतोष म्हणायचा, बरं आहे. त्याची बायको मनीषा म्हणायची, भावजी, तुम्ही काळजी नका करू. मला यातल्या एकाचंही खरं वाटायचं नाही. जाताना बोटाला लावायचा ऑक्सिमीटर देऊन आलो होतो. त्याचं रीडिंग विचारलं की संतोष नेहमी ब्याण्णव सांगायचा. रोज ब्याण्णव कसं येईल? एकदा तर माझ्या मनात आलं की याने मशीन विकून तर टाकलं नाही... सख्ख्या भावाबद्दल. सांगायला बरं वाटत नाही, पण आलं होतं.

आता २०१७ चा दसरा. तो शनिवारी होता आणि तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी मी कामावर आलो. सकाळचे साडेदहा वाजून गेले असतील, म्हणजे आपल्याकडे दुपारचे बारा. बेंचवर एक सलाईनचा पंप उघडा पडला होता. मी त्याचा बोर्ड साफ करत होतो, बीजू पलीकडे कसलातरी फॉर्म भरत होता.

तीन बीप. मग शांत. पुन्हा तीन.

आमच्या वर्कशॉपमध्ये बीप म्हणजे गिरणीतल्या कोंड्यासारखी, सगळीकडे. पण प्रत्येक मशीनचा आवाज वेगळा असतो आणि हा आवाज मी महिनाभर मांडीवर घेऊन बसलो होतो. जुना, थोडा बसका, शेवटच्या बीपला किंचित घसरणारा. त्या मॉडेलचं एकही मशीन त्या हॉस्पिटलमध्ये नव्हतं. मी मान वर केली तर बीजू वैतागून माझ्याकडेच बघत होता. म्हणाला, तुझा फोन बंद कर. म्हणजे त्यालाही ऐकू येत होतं.

मी ताबडतोब त्याच्यावर संशय घेतला. चहाच्या कपाचा प्रकार आठवला. बेंचचा मेन स्विच बंद केला, तरी आवाज चालूच. दोघांचे फोन बंद करून बाहेरच्या खुर्चीवर ठेवले. पंपाची बॅटरी काढली. बीजूचे ड्रॉवर उघडून बघितले, त्याला न विचारता. तो "पागल हुआ क्या" म्हणत राहिला. मग मी खाली बसलो आणि आवाज कुठून येतो ते ऐकत ऐकत टूलबॅगपाशी आलो. पत्र्याची डबी उघडली. आवाज एकदम मोठा झाला.

बझर तळहातावर घेतला. वायरींचे दोन तुकडे मोकळे, कशालाच जोडलेले नाहीत. उलटा करून बघितला, कुठे बटन-सेल चिकटवलाय का. नव्हता. त्यावर अंगठा ठेवला... आणि तो अंगठ्याखाली थरथरत होता. तीन वेळा. मग शांत. मग तीन वेळा.

मला भीती वाटली, हे कबूल करतो. पण भुताची नव्हे. माझं डोकं तेव्हा एवढंच म्हणत होतं — तीन बीप. लाइट नाही गेलेली. ऑक्सिजन कमी पडलाय.

बाहेर येऊन फोन चालू केला आणि संतोषला लावला. पहिला कॉल कट झाला, तो मागच्या पडवीत, गुजरातच्या टॉवरवर असणार. दुसरा लागला. म्हणाला, "अरे दादा, दसऱ्याच्या शुभेच्छा." मी आईचं विचारलं. आई मस्त झोपलीय, काल गोडाधोडाचं जेवली, सकाळपासून शांत आहे, एकदापण खोकली नाय, असं तो अगदी खुशीत सांगत होता. काच कुठल्या रंगाची आहे विचारलं तर लगेच म्हणाला, हिरवी. इतक्या लगेच म्हणाला की मला कळलं, हा बाहेर बसून बोलतोय. मी म्हटलं, फोन घेऊन आत जा आणि काचेसमोर उभं राहून सांग.

तो आत गेला. मग बराच वेळ नुसता मशीनचा घरघर आवाज.

"दादा, काच दिसत नाय. टिळा लागलाय त्यावर."

काय झालं होतं ते एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढे आलं. दसऱ्याला आमच्याकडे नांगर, कोयता, मोटरसायकल, सगळ्याची पूजा होते. आदल्या वर्षी मी स्वतः आईच्या मशीनची पूजा केली होती आणि कुंकवाचं बोट बरोबर त्या गोल काचेवर टेकवलं होतं, कारण बोट टेकवायला तीच जागा सोयीची. मी ते लगेच पुसून घेतलं होतं. पुसायचं असतं हे कुणाला सांगितलं नव्हतं. मनीषाने माझंच बघून टिळा लावला होता. आणि हे मशीन सासूचा जीव राखतं म्हणून देवीला नेसवावा तसा त्याला नवा लाल खण मागच्या बाजूने पांघरला होता, वर झेंडूचा आणि भाताच्या लोंब्यांचा हार. खण मागच्या जाळीला ओढला जाऊन घट्ट चिकटला होता. काल संध्याकाळपासून ते मशीन श्वासच घेत नव्हतं. नुसतं घरघरत होतं, आणि त्या घरघरीवर सगळे निश्चिंत होते.

मी म्हटलं, खण ओढून काढ, कुंकू पूस, आईची नळी काढून सिलिंडरला लाव, आणि मग आईला हाक मार. त्याने सगळं केलं. टिळ्याखाली काच पिवळी होती. हाक मारल्यावर आई नुसतं "ऊं" म्हणाली, डोळे उघडेना. ऑक्सिमीटर लाव म्हटलं तर त्याचे सेल टीव्हीच्या रिमोटमध्ये. म्हणजे ते ब्याण्णव कुठून यायचं तेही कळलं. मनीषाने रडत रडत रिमोट उघडला. रीडिंग एकाहत्तर.

हे सगळं होत असताना माझ्या एका कानाला फोन होता आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत बझर. तो वाजतच होता. मी संतोषला काचेकडे बघत राहायला सांगितलं. चार-पाच मिनिटांनी तो म्हणाला, "हिरवी झाली." बझर त्याच्या जरा आधी थांबला होता, का त्याच वेळी, हे मी कितीही आठवलं तरी नक्की सांगू शकत नाही. थांबला एवढं खरं.

जीपमधून आईला सिलिंडरसकट आधी तलासरीला आणि तिथून डहाणूला नेलं. चार दिवस ठेवून घेतलं. त्या झोपेला झोप म्हणत नाहीत, संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली असती तर उठली नसती, असं डॉक्टरांनी संतोषला सांगितलं.  मी त्याला एक शब्द बोललो नाही. बोलायला तोंड कुठे होतं? अलार्म मी कापला होता.

त्याच दुपारी मी तो बझर बेंचवर घेऊन सप्लायला जोडला. काही नाही. व्होल्टेज वाढवलं, तरी काही नाही. मग डबी फोडली. आतली आवाज काढणारी चकती मधोमध तडकलेली होती, डिसेंबरात मी पक्कडने ओढली तेव्हाच तडकली असणार. म्हणजे वायरी जोडून दिल्या असत्या तरी तो वाजू शकत नव्हता.

आता तुम्ही म्हणाल ते माझं आधीच स्वतःला म्हणून झालंय. अशा चकतीत तापमान बदललं की थोडा करंट तयार होतो, हे खरं आहे. पण त्याने फार तर एक टक् होईल, अर्धा तास ठरलेल्या तालात बीप होणार नाही. बीजूची थट्टा? मी त्याला नंतर अल्लाची, देवाची, येशूची, सगळ्यांची शपथ घालून विचारलं. तो रागावला, आठवडाभर बोलला नाही. कान वाजत होते? मग त्याला कसं ऐकू आलं? आणि बीजूची साक्ष तरी काय कामाची — पुढे विचारलं तर म्हणाला, हो, काहीतरी बीप होत होती, इथे रोजच होते.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. संतोषने शनिवारी संध्याकाळी पूजेचा फोटो स्टेटसला टाकला होता आणि त्यात कोपऱ्यात ते मशीन दिसत होतं, लाल खण पांघरलेलं. बघणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. मला तो फोटो बघितल्याचं आठवत नाही. कदाचित डोळ्याने बघितला असेल आणि डोक्याने रात्रभर त्यावर काम केलं असेल. तसं असेल तर मी फोन का केला याचा उलगडा होतो. अंगठ्याखालच्या थरथरीचा होत नाही.

२०१९ मध्ये करार संपला आणि मी परत आलो; तोवर संतोष रोज काचेचा आणि ऑक्सिमीटरचा फोटो मला पाठवत होता. पहिल्यांदा डहाणूला उतरून हसमुखकाकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, अलार्म कापल्यापासून. मला वाटलं कानाखाली देतील. त्यांनी तडकलेली चकती चष्म्याजवळ नेऊन खूप वेळ बघितली. "आ तो मरी गयेलुं छे, दीकरा," एवढंच म्हणाले, म्हणजे हा तर मेलेला आहे, पोरा. मग ड्रॉवरमधून एक नवा बझर काढून माझ्या हातात दिला.

घरी जाऊन तो बसवला. तासाभरात लाइट गेली आणि मशीन ठणाणा करायला लागलं. आई खाटेवर बसली होती, पार सुकलेली, नाकाला नळी. मी सिलिंडर लावला आणि पहिल्यांदाच तिला सांगितलं की तो आवाज मी बंद करून गेलो होतो, म्हणून त्या दसऱ्याला कुणाला काही कळलं नाही. ती म्हणाली, मला माहीत आहे, मीच तर म्हटलं होतं गळा दाब म्हणून. मग मी विचारलं, त्या दिवशी तुला काही कळत होतं का. मला वाटलं, झोपेत होते म्हणेल.

ती श्वास घेत घेत म्हणाली, "कळत होतं सगळं. संत्या बाहेर बसला होता तो पण दिसत होता. मी तुलाच हाक मारत होते रे. लय मारल्या. तोंडातून आवाजच निघत नव्हता."

मशीन ओरडतच होतं. बटण दाबून तेवढ्यापुरतं बंद करता येतं, पण मी उठलो नाही आणि तीही बंद कर म्हणाली नाही. लाइट येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.

जुना बझर अजून माझ्याकडे आहे, त्याच पत्र्याच्या डबीत. वर्षातून दोन-चारदा मीटर लावून बघतो. रीडिंग शून्य येतं. कुणाला फॉल्ट सापडला तर जरूर कळवा, पण 'लूज कनेक्शन' म्हणू नका... कनेक्शन नव्हतंच.